आंबेडकरी गाणे, ध्वनिमुद्रण आणि दुसरा माइक

आंबेडकरी गीतांविषयी आपल्याकडे आता बरेच लिहिले जाते. विद्यापीठांतून प्रबंध होतात, चर्चासत्रे भरतात, शाहिरी वाङ्मयातील सामाजिक जाणिवेवर निबंध वाचले जातात. या लेखनाची एक ठरलेली चाल आहे. जलशाचे एक गाणे दहा भाषणांच्या तोडीचे आहे, या आशयाचा बाबासाहेबांच्या नावावर सांगितला जाणारा अभिप्राय आरंभी येतो. मग कवनाच्या ओळी येतात. मग त्या ओळींतला विद्रोह, नकार आणि मानवतावाद दाखवून निबंध पूर्ण होतो. ते गाणे कोणत्या पट्टीत म्हटले गेले, झील कोणी धरली, पेटी पुढे होती की ढोलकी, ऐकणारे कोठे हसले आणि कोठे उठून उभे राहिले, याविषयी अवाक्षर नसते. जणू शाहिराने ते कवन आपल्या टीकाकारासाठी कागदावर उतरवून टपालाने पाठवले होते!

शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ साली आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली आले. सौंदर्याचा निकष कोणी ठरवायचा हा प्रश्न अशा ग्रंथांमुळे ऐरणीवर आला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या कलेने आपल्या निरक्षर आज्या-पणज्यांना माणूसपणाचे भान दिले ती कला कानाने घ्यायची होती, आणि कानाने घ्यायच्या कलेचा विचार आपल्या टीकेत अजून पुरेसा झालेला नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळते. आता ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. कॅसेटी आहेत, मोबाइलवर हवे ते गाणे लागते. ऐका आणि लिहा. उत्तर सोपे आहे, म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे. ध्वनिमुद्रणाला आपण साक्षीदार समजतो. पण यंत्र आपण होऊन काही ऐकत नाही. त्याला जे ऐकवावे तेवढेच ते ऐकते, आणि काय ऐकवायचे व काय वगळायचे हे ठरवणारा एक माणूस माइकच्या मागे बसलेला असतो. शाहिरी परंपरेच्या इतिहासात या माणसाचा उल्लेख नाही. त्याला आपण ‘माइकवाला’ म्हणतो आणि कार्यक्रम संपला की पैसे देऊन वाटेला लावतो.

अकोल्यातले एक जुने साउंड सर्व्हिसवाले माझ्या परिचयाचे आहेत. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. लग्ने, सभा, कव्वालीचे सामने, भीमजयंतीच्या गायन पार्ट्या या सर्वांना त्यांनी चार दशके आवाज पुरवला. ज्या काळी टेपरेकॉर्डर कोणाकडे असला की गावभर चर्चा होई, त्या काळी कार्यक्रम टेपवर उतरवूनही दिले. मी त्यांना विचारले, की तुमच्या जुन्या कॅसेटींत गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो, पण समोरच्या हजार माणसांचा मागमूस लागत नाही, असे का? ते म्हणाले, “पाहा सर, माइक गानाऱ्याच्या तोंडापाशी नेला त गानं साफ येते, पब्लिक मरते. मांगं घेतला त पब्लिक येते, पन गानं पातळ होते. दोनी पाह्यजे असन त दोन माइक लागतात. अन् दुसऱ्या माइकचे पैसे कोन देते?”

माझ्या मते आंबेडकरी गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची सगळी समीक्षा या प्रश्नात आहे. दुसऱ्या माइकचे पैसे कोणी दिले नाहीत, म्हणून आपल्या गाण्याचा अर्धा भाग मुद्रितच झाला नाही. उरलेल्या अर्ध्यालाच आपण गाणे म्हणू लागलो.

हा अर्धा भाग म्हणजे काय, याचा एक अपूर्व पुरावा सुदैवाने शिल्लक आहे, आणि तो वऱ्हाडच्याच माणसाचा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गुरे राखत वाढलेले आणि १९०५ साली घर सोडून निघालेले गाडगेबाबा पुढे अर्धशतक कीर्तन करीत हिंडले. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. प्रबोधनकारांची लेखणी कशालाही न डगमगणारी. पण बाबांच्या कीर्तनाचे शब्दचित्र काढणे आपल्या शक्तीबाहेरचे आहे, ते आवाजासह चित्र पकडणाऱ्या यंत्रवाल्यांनाच साधेल, अशा अर्थाची कबुली त्यांनी देऊन ठेवली आहे. पुढे त्यातला आवाजाचा भाग साधला. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन म्हणून ओळखले जाते. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबांचे देहावसान झाले.

तारखांकडे जरा लक्ष द्यावे. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची. म्हणजे हे कीर्तन तिच्यानंतर पंचविसाव्या दिवशी झाले. या कीर्तनात बाबा विद्येचे महत्त्व सांगतात आणि उदाहरण बाबासाहेबांचे देतात. ज्याच्या पूर्वजांच्या हाती झाडू होता त्याच्या हातून देशाची घटना लिहिली गेली, ती शाळेमुळे. तेव्हा पोटाला चिमटा घ्या पण पोराला शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे आहे. बाबा हे बोलत होते तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी ते गेले. एका फितीवर एवढा काळ दाटलेला आहे. बाबांनी विठ्ठलाचे नाव सोडले नाही आणि आपण त्या नावाबरोबरच पुष्कळ काही सोडले, हा फरक मी विसरलेलो नाही. पण येथे प्रश्न श्रद्धेचा नाही, कलेच्या रीतीचा आहे.

हे मुद्रण ऐकताना पहिल्यांदा ध्यानात येते ते असे, की बाबा एकटे बोलत नाहीत. ते विचारतात आणि थांबतात. समोरून उत्तर येते. त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येतो. देव पाहिला का, कर्ज काढून सण का करता, बोकड का कापता, पोराला शाळेत का घालत नाही, असे एकेक विचारीत ते श्रोत्यांकडून ‘होय’ किंवा ‘नाही’ वदवून घेतात. मध्येच ‘गोपाला’चा गजर सुरू होतो आणि त्यात बाबांचा ऐंशी वर्षांचा, खरवडलेला आवाज बुडून जातो. तो बुडावा अशीच योजना असते. गजर ओसरला की म्हातारा पुन्हा वर येतो आणि पुन्हा विचारतो. हा गजर कोणी ‘नीट’ मुद्रित करायचे ठरवले असते तर? बाबांच्या छातीशी माइक लावला असता, समोरचा गोंगाट टाळला असता, आणि आपल्या हाती एका आजारी माणसाच्या प्रश्नांची मालिका आली असती. प्रश्नांमागून प्रश्न आणि उत्तर एकही नाही.

या कीर्तनाची छापील संहिता मिळते. तिच्यात श्रोत्यांचे ‘नाही’ एकदा छापलेले असते. फितीवर ते ‘नाही’ एक नाही. कोणी आधी म्हणतो, कोणी रेंगाळतो, कोणी मोठ्याने म्हणतो, पाठीमागून उशिरा लाट येते. या मागेपुढे होण्यात खरी गोष्ट आहे. ज्याने मागल्या महिन्यात नवसाचा बोकड कापला तो माणूस, ज्या शेजाऱ्याने ते मटण खाल्ले त्याच्यादेखत, मोठ्याने ‘नाही’ म्हणतो आहे. ही चार लोकांत दिलेली जबान आहे. कीर्तन संपल्यावर ती मोडता येईल, पण चारचौघांत मोडावी लागेल. घरी बसून तेच कीर्तन ऐकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तो सुटलेला असतो. तरी निदान त्या फितीवर उत्तरे आहेत, म्हणून तेथे काय व्यवहार झाला हे आपल्याला कळते. उत्तरे वगळली असती तर बाबा हे गमतीदार बोलणारे एक साधू होते, एवढाच बोध पुढच्या पिढीला झाला असता.

आंबेडकरी जलसा याच रीतीचा होता. भीमराव कर्डक यांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात जे जग नोंदवून ठेवले आहे ते उघड्या गळ्यांचे जग आहे. गण-गौळणीचा जुना साचा मोडून त्यात सवाल-जवाब भरले, सावकार-भट-पाटील उभे केले; आणि समोर बसलेले लोक त्या सोंगांना उत्तरे देत. झीलकरी हा गाणारा आणि गाव यांच्यामधला दुवा होता. शाहिराची ओळ तो उचलतो आणि लोकांच्या हाती देतो.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा आरंभ मात्र याच्या उलट टोकाला झाला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माइक नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विद्युत ध्वनिमुद्रण आले ते १९२५ च्या सुमारास. कर्ण्यात एकच गळा मावतो. मैफल मावत नाही. शिवाय तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. ज्या गाण्याला रात्र लागते त्याचे तीन मिनिटांत जे उरेल ते ‘गाणे’, असा नियम यंत्राने घालून दिला आणि पुढे तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

पण याच प्रसंगाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या वाचकाला अधिक महत्त्वाची वाटेल. प्रतिष्ठित गवई त्या कर्ण्यापुढे यायला कचरत होते, तेव्हा आल्या त्या गणिका. सभ्य समाजाने ज्यांना माडीवर ठेवले होते त्यांचा आवाज यंत्राने प्रथम घरात नेला. असे सांगतात, की तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तेथे नावाचा घोटाळा होऊ नये म्हणून गौहर जान गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारीत असे. मला ही गोष्ट वाचताना वामनदादा कर्डक आठवतात. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी नाममुद्रा. आवाज आपल्या ताब्यातून सुटला की त्याचा मालक कोण, या प्रश्नावर दोघांनी काढलेला उपाय एकच आहे, आणि दोघेही कागदोपत्री हक्क नसलेल्या समाजातले आहेत. वऱ्हाडातल्या रात्रीच्या कार्यक्रमांत मी स्वतः ऐकले आहे, की गाणारा वामनदादांचे गाणे म्हणतो आणि नाममुद्रेच्या जागी बेधडक आपले नाव घालतो, समोरचा एखादा म्हातारा तेथल्या तेथे ओरडतो, “वामन म्हन!” हा म्हातारा कॅसेटवर नसतो.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले, की यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे वलय नष्ट होते. आणि या नष्ट होण्यात त्याने मुक्तीची शक्यताही पाहिली. आपल्याकडचे संगीतप्रेमी त्यातला पहिला भाग तेवढा उचलतात. समोरासमोरच्या मैफलीची मजा रेकॉर्डमध्ये नाही, असे हळहळून सांगतात. त्यांना विचारावे, की त्या मैफलीत आमचा आजा कोठे बसला असता? वलय हे गाभाऱ्यातल्या समईभोवतीचे असते. ज्याला पायरीशीच अडवले त्याला ते विझल्याचे दुःख का व्हावे? रेडिओ आणि तबकडी यांनी घराण्याची विद्या रस्त्यावरच्या हॉटेलात आणून ठेवली, हे मोठेच काम झाले. आमच्यातल्या कित्येकांनी ताना घेतल्या त्या हॉटेलच्या बाकावर बसून, अंगठा न देता!

अर्थात रेडिओलाही दार होते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे स्वर पक्के बसवलेले असतात, त्यातून श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, हे कारण. शास्त्राच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण पेटी हे जलशाचे, कव्वालीचे, भजनी मंडळाचे, म्हणजे ज्याला सारंगिया परवडत नाही त्याचे वाद्य होते. एकतीस वर्षे देशाच्या सरकारी आवाजाने या वाद्याला उंबऱ्याबाहेर उभे केले. श्रुतीचा विचार करणाऱ्यांना या गोष्टीची दखल घ्यावीशी वाटली नाही.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे तिचा पूर आला तो १९८० नंतर. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चाल, साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस अर्धा तास. ध्वनीच्या शुद्धतेच्या हिशेबाने हे फार हलके माप. पण ती स्वस्त होती आणि दोन डेक असले की कोणीही तिची प्रत काढू शके. मोठ्या कंपनीच्या दारात वाट पाहण्याची गरज संपली. चौकाचौकात भीमगीतांच्या कॅसेटी लागल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज बाभळीखालच्या झोपडीत पोचले. जिच्या नवऱ्याने तिला रात्रीच्या कार्यक्रमाला कधी जाऊ दिले नाही ती बाई भाकरी थापताना भीमगीत ऐकू लागली. प्रत्यक्ष कार्यक्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) हे विसरता कामा नये, की त्या कार्यक्रमात बाया एका अंगाला, अंधारात बसत आणि पुष्कळ घरांतून बसतही नसत.

प्रल्हाद शिंदे यांच्यावर एक आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. तेच भीमगीत गातात आणि तेच पंढरीची व गणपतीची गाणी गातात. मग बांधिलकी कोठे? मला या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. स्टुडिओ गळ्याचे पैसे देतो. जलशातला शाहीर गावासमोर उभा असे; त्याने उद्या विरुद्ध गाणे म्हटले तर गाव त्याला जाब विचारी. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, आधीच तयार असलेल्या वाद्यमेळावर गाणाऱ्याला कोण जाब विचारणार? दोष माणसाचा म्हणण्यापेक्षा त्या खोलीत दुसरा माइकच नव्हता, असे म्हणावे. तिथे झीलकऱ्याच्या जागी ‘कोरस’ आला: रोजावर आणलेले चार गळे, तासाभरात चार कॅसेटींचे ध्रुपद म्हणून देणारे. त्यांचा सूर पक्का असतो. फक्त त्यांतला कोणी वाक्य संपण्याआधी ‘नाही’ म्हणत नाही.

याच काळात गावोगाव दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटी तयार होत होत्या, ज्यांना कोणी कंपनी नव्हती. कार्यक्रमात भोंग्याच्या तारेला किंवा नुसतेच स्टेजच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर ठेवून कोणी तरी ते उतरवून घेई. त्या आज ऐकवत नाहीत इतक्या खराब आहेत. पण माझ्या दृष्टीने आंबेडकरी गाण्याचा खरा दस्तऐवज त्या आहेत. गाणे ऐन रंगात येते आणि गायक थांबून सांगतो, की अमक्या गावचे अमके यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये. पुन्हा गाणे. पुन्हा नाव; या वेळी पाच रुपये, रोजमजुरी करणाऱ्या कोणा बाईकडून. गाण्याचा रसभंग होतो, असे म्हणणारा म्हणेल. पण पाच रुपये देणाऱ्या त्या बाईचे नाव भोंग्यातून साऱ्या शिवारावर गेले, हा त्या रात्रीचा रसच होता. ज्या गावात तिला नावाने कोणी हाक मारीत नव्हते त्या गावात ते घडले. स्टुडिओच्या कॅसेटीत हे प्रथम कापले जाते.

भोंग्याविषयी त्या साउंडवाल्यांनी सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण ती कोणत्याही प्रबंधात मला सापडली नाही. जुना अहुजाचा भोंगा खर्ज टाकतच नाही. मधला आणि वरचा आवाज तेवढा फेकतो. व्यंजने, म्हणजे च, स, त, क यांची धार, याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणून भोंग्यातून गाणे कर्कश जाई, पण शब्द न् शब्द दोन शेतांपलीकडे कळे. आमचे गायक वरच्या पट्टीत का गात, याचे उत्तर काही अंशी तरी यात आहे. आजच्या डीजेच्या पेट्या बरोबर याच्या उलट. त्यांचे सारे बळ खर्जात. छाती हादरते, खिडक्या वाजतात आणि शब्द तळाशी जातो. “पयले शब्द आयकू ये, नाचनं नोतं. आता नाचनं हाये,” एवढेच त्यांनी म्हटले आणि वर हेही सांगितले, की डीजे त्यांच्या मुलाचाच आहे.

भीमजयंतीच्या डीजेवर हल्ली सगळेच तोंडसुख घेतात. त्यात एक वर्ग असा आहे, की त्याला इतर मिरवणुकांतला डीजे ऐकू येत नाही. त्यांच्या सुरात सूर मिसळण्याची मला हौस नाही. चौदा एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी नाचणाऱ्या पोराला तो दिवस स्वतःचा वाटतो. वर्षातले बाकीचे दिवस त्याचे नसतात. तरीही समीक्षकाने म्हटले पाहिजे, की शब्दाची कला असलेले गाणे शब्दाला गिळणाऱ्या यंत्रावर वाजवले जात आहे. दहाव्या पिढीच्या कॅसेटीत व्यंजने झिजत, ती यंत्राच्या दारिद्र्याने. आता ती बुडतात यंत्राच्या श्रीमंतीने. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केला. त्यामुळे रात्रभर चालणारी गायन पार्टी आखडली, पण संध्याकाळच्या मिरवणुकीतला डीजे मात्र वेळेत बसतो. कायदा आवाज मोजतो, गाणे मोजत नाही.

मोबाइलने मधल्या मधे वेगळेच काही केले. औरंगाबादच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात. कोणी तरी ते साध्या मोबाइलवर टिपले आणि ते महाराष्ट्रभर गेले. मोबाइलचा माइक भाबडा असतो. तो आजूबाजूचे सगळे घेतो: भांड्यांचा आवाज, मुलाचे रडणे, कोणाचे ‘वा’. नंतर त्यांची गाणी वाद्यमेळासह, सफाईने मुद्रित झालेलीही ऐकली. आवाज तोच, दमही तोच. पण पहिल्या मुद्रणात त्या कोठे बसल्या आहेत हे ऐकू येत होते, आणि त्या गाण्याचा आशय त्या बसलेल्या जागेशी बांधलेला होता. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये (२०११) विलास घोगरे यांचा आवाज ऐकताना हेच जाणवते. रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर काही दिवसांतच ज्याने जीवन संपवले त्या शाहिराचा आवाज वस्तीच्या आवाजांसकट जतन झाला, कारण माइक घेऊन गेलेल्याला ती वस्तीही हवी होती.

आता आमच्या भागात जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचे काम काही तरुण आपल्या खर्चाने करीत आहेत. फीत चिकटते, बुरशी धरते, म्हणून घाई आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने दर्यापूर तालुक्यातल्या एका भीमजयंतीची कॅसेट अशी उतरवली आणि आवाज स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवले. हे सॉफ्टवेअर ज्याला गोंगाट समजते ते ओळखून सगळीकडून वजा करते. निकाल खरोखर सुरेख होता. दुसरे गाणे संपल्यावर गायक मध्येच म्हणतो, “हो माय, म्हनतो.” आणि रमाईचे गाणे सुरू करतो. कोणाला ‘हो’ म्हणाला हे कळेना. मूळ फीत पुन्हा लावली. डाव्या अंगाने, फार लांबून, बायांच्या बाजूने एक आवाज येतो. ‘रमाईचं’ एवढाच शब्द लागतो. सॉफ्टवेअरने त्याला गोंगाट ठरवून काढून टाकले होते.

विद्यार्थ्याने दोन्ही फाइली ठेवल्या आहेत. मूळ फाइलीत फितीची खरखर, जनरेटर, एक कुत्रे आणि ती बाई आहे.